प्लेट, रॉड, वाटी, दात: शरीरात बसवलेलं साहित्य आणि जिवंत ऊती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी भागातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगावी लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत. औषध सुरू-बंद करण्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांनाच विचारून घ्या. आत काय घडतं आणि का घडतं, एवढंच इथे आहे.

१. बसवलेली वस्तू शरीराने 'धरली' असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे आत नेमकं काय होतं?

वस्तूला रक्त लागताच काही सेकंदांत तिच्यावर रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो: अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, फायब्रोनेक्टिन वगैरे. पुढे येणाऱ्या प्रत्येक पेशीची गाठ पडते ती या थराशी, धातूशी नाही. कुठलं प्रथिन टिकून बसेल आणि कोणत्या आकारात, हे पृष्ठभागावर ठरतं: तो किती खडबडीत आहे, पाणी धरतो की झटकतो. त्यामुळे एकाच धातूचे दोन स्क्रू, एक गुळगुळीत आणि एक खडबडीत, एकाच हाडात वेगवेगळे वागतात.

त्यानंतर रक्ताची गुठळी धरते. पहिले एक-दोन दिवस न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे असतात, मग मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशी येतात. समोरची वस्तू गिळण्याएवढी लहान नसली तर अशा अनेक पेशी एकमेकींत मिसळून मोठी, अनेक केंद्रकांची पेशी बनते आणि पृष्ठभागाला चिकटून बसते. दोन ते चार आठवड्यांत पुढची वाट ठरते. एक तर वस्तूभोवती कोलॅजनचं वेष्टण तयार होतं (सिलिकॉन, बहुतेक प्लास्टिक, गुळगुळीत स्टील), किंवा हाड थेट येऊन बिलगतं (प्रश्न ४), किंवा वस्तू विरघळत जाऊन जागा मोकळी करते (प्रश्न ११). चौथी वाट म्हणजे दाह थांबतच नाही. तसं झालं तर लोक पहिला दोष धातूला देतात, पण बहुतेक वेळा जंतू (प्रश्न १२) किंवा हलणारी, सैल बसलेली वस्तू हेच कारण निघतं.

२. किडनी बदलली की जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतात. मग गुडघा बदलल्यावर का नाही?

किडनी ही दुसऱ्या माणसाच्या जिवंत पेशींची बनलेली असते आणि त्या पेशींवरच्या खुणा आपली प्रतिकारशक्ती ओळखते. धातू, प्लास्टिक, चिनीमाती यांवर तशा खुणाच नसतात. त्यामुळे त्या अर्थाने 'रिजेक्शन' होत नाही. "शरीराने रॉड फेकून दिला" असं गावात म्हणतात, तेव्हा जंतुसंसर्ग झालेला असतो किंवा हाड न जुळल्यामुळे रॉड सैल झालेला असतो.

३. टायटॅनियम, स्टील, कोबाल्ट-क्रोम: सगळ्यांत चांगलं कुठलं? जास्त पैसे भरायची तयारी आहे.

या प्रश्नाला एक उत्तर नाही, आणि कोणी ठामपणे एक उत्तर देत असेल तर जरा सावध राहा. तिन्ही धातू शरीरात टिकतात ते त्यांच्यावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो, ओरखडला तर लगेच पुन्हा धरतो आणि खालच्या धातूला गंजण्यापासून वाचवतो. टायटॅनियमवर हा थर सगळ्यांत भक्कम असतो.

दुसरा हिशेब ताठपणाचा. मांडीच्या हाडाच्या कठीण भागाचा ताठपणा साधारण १५ ते २० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०च्या आसपास, स्टीलचा २००, कोबाल्ट-क्रोमचा त्याहून थोडा अधिक. धातू जितका ताठ तितका भार तोच पेलतो, आणि भार न मिळालेलं हाड विरळ होत जातं. खुब्याच्या दांड्याशेजारी वर्षांनुवर्षांनी हाड पातळ दिसतं ते यामुळे.

मग सगळं टायटॅनियमचंच का नाही करत? कारण घासलं जाण्याच्या ठिकाणी टायटॅनियम कच्चं पडतं, लवकर ओरखडतं. म्हणून गुडघ्याचा मांडीकडचा भाग सहसा कोबाल्ट-क्रोमचा, नडगीत बसणारी बैठक बऱ्याचदा टायटॅनियमची आणि मध्ये पॉलिएथिलिन हे प्लास्टिक. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या अपघातात मोडलेल्या साध्या हाडाला ३१६ एल जातीची स्टीलची प्लेटही नीट बसवली तर उत्तम काम देते. गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीला केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ पासून कमाल मर्यादा घातली आहे, तेव्हा बिलात सांध्याची रक्कम वेगळी लिहून मागा.

४. टायटॅनियमला हाड खरोखर चिकटतं का?

हो. स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून रक्तप्रवाह पाहिला. प्रयोग संपल्यावर नळी निघेना, हाडाने ती धरली होती. त्यातून १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात पहिले दंतरोपण झालं.

मात्र हाड आपसूक चिकटत नाही, त्याला तीन गोष्टी लागतात.

पहिली म्हणजे स्थिरता. भार पडल्यावर वस्तू आणि हाड यांच्यात साधारण ५० मायक्रॉनपेक्षा कमी हालचाल असेल तर हाड तयार होतं. १५० मायक्रॉनच्या वर गेली की मध्ये तंतुमय ऊती भरते आणि ती पुढे सहसा हाडात बदलत नाही. १५० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा सहावा हिस्साही नाही. "थोडं टेकून चाललं तर काय होतंय" याचं उत्तर या आकड्यात आहे.

दुसरी, उष्णता. ड्रिल करताना हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तरी कडेच्या पेशी मरतात. म्हणून धारदार ड्रिल आणि सतत थंड सलाइनची धार. बोथट ड्रिलने केलेलं भोक दिसायला सारखंच असतं, पण महिन्याभरात त्यातला स्क्रू फिरायला लागतो.

तिसरी, पृष्ठभाग. वाळूचा मारा आणि आम्लाने खरवडून एक ते दोन मायक्रॉन खडबडीत केलेल्या पृष्ठभागावर हाड गुळगुळीत पृष्ठभागापेक्षा अधिक बिलगतं. हायड्रॉक्सिअपॅटाइट, म्हणजे हाडातल्याच खनिजाचा कॅल्शियम-फॉस्फेट, साधारण ५० ते १५० मायक्रॉन जाडीने फवारला तर सुरुवातीची पकड लवकर येते. थर जास्त जाड झाला तर तोच पापुद्रा होऊन सुटायची भीती.

एक बारकावा सांगून ठेवतो. पहिल्या दिवशीची पकड निव्वळ आवळून बसवल्याची असते. दोन ते चार आठवड्यांत शरीर कडेचं दुखावलेलं हाड खाऊन टाकतं, नवीन हाड अजून पुरतं आलेलं नसतं, आणि पकड सगळ्यांत कमी होते. नेमकं तेव्हाच टाके निघालेले असतात, दुखणं थांबलेलं असतं आणि रुग्ण शेताकडे निघतो.

५. दाताचा स्क्रू बसवून तीन महिने थांबा म्हणाले, पण शहरात एका दिवसात दात लावून देतात. खरं कोणाचं?

दोघांचंही खरं असू शकतं. स्क्रू बसवताना तो साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर इतका घट्ट बसला, हाड दाट असलं आणि वरचा तात्पुरता दात चावताना समोरच्या दाताला लागत नसला, तर लगेच दात लावता येतो. ब्रोनेमार्कची मूळ शिस्त खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने अशी होती, कारण वरचं हाड मऊ असतं. मागच्या दाढेला, मऊ हाडात, नवीन हाड भरून बसवलेल्या स्क्रूला एका दिवसात दात लावून मागू नका. तिथे घाई केली की प्रश्न ४ मधली १५० मायक्रॉनची रेषा पहिल्याच भाकरीला ओलांडली जाते.

६. तंबाखू सोडायलाच हवी का? मी ओढत नाही, फक्त मिसरी लावते.

निपाणी पट्ट्यातून हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला लागणाऱ्या केशवाहिन्या उशिरा पोहोचतात. बिडी-सिगारेटमध्ये कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. मिसरीत धूर नाही हे खरं, पण निकोटिन थेट हिरडीतून जातं. दाताचा स्क्रू बसवायचा असेल तर तीच हिरडी जखमेवर येणार असते. ऑपरेशनच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतर आठ ते बारा आठवडे पूर्ण बंद, हा किमान हिशेब धरा.

आणखी एक गोष्ट विचारली जात नाही, पण सांगायला हवी: तंबाखूची ओली पानं हाताळताना निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. त्या काळात हे काम दुसऱ्या कोणाकडे द्या, किंवा हातमोजे घाला.

७. शुगर आहे. सांधा बसवता येईल?

येतो. अडचण शुगर असण्याची नाही, ती ताब्यात नसण्याची आहे. साखर चढलेली असली की न्यूट्रोफिल पेशी जंतूपर्यंत उशिरा पोहोचतात, कोलॅजनला साखर चिकटून ते कडक होतं आणि जखम मंद भरते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ७.५ ते ८च्या खाली आल्याशिवाय ठरवून करायचं ऑपरेशन पुढे ढकलणारे डॉक्टर तुमचं भलंच करत असतात. मोडलेल्या हाडाला मात्र थांबता येत नाही, तिथे इन्शुलिनने साखर आटोक्यात ठेवून ऑपरेशन होतं.

८. हाडातलं सिमेंट म्हणजे काय? ते चिकटवतं का?

ते घराचं सिमेंट नाही आणि गोंदही नाही. पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे ॲक्रिलिकच. नेहमीच्या पुड्यात ४० ग्रॅम भुकटी आणि २० मिलिलिटर द्रव असतो. दोन्ही मिसळले की दहा-बारा मिनिटांत दगड होतो आणि होताना तापतो. ते हाडाच्या जाळीत घुसून बसतं, फरशीच्या फटीत भरलेल्या मसाल्यासारखं. रासायनिक बंध काही होत नाही. म्हणून भरण्याआधी हाड धुऊन कोरडं करणं फार महत्त्वाचं. रक्ताचा पातळ थर मध्ये राहिला की तिथून फट पडते. साधं सिमेंट एक्स-रेत दिसत नाही, दिसावं म्हणून त्यात बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनिया घालतात. बऱ्याचदा जेंटामायसिन हे प्रतिजैविकही असतं, ते हळूहळू झिरपून आसपासच्या जंतूंना मारतं.

९. वाटी बदलून पंधरा वर्षं झाली. पू नाही, ताप नाही, तरी सांधा लूज झाला म्हणतात. असं कसं?

पॉलिएथिलिन घासून त्याचे कण सुटतात. बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान, म्हणजे भक्षक पेशींना गिळायला अगदी सोयीचे. पेशी गिळतात, पचवू शकत नाहीत, आणि दाह वाढवणारी रसायनं सोडत राहतात. त्या रसायनांनी हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात आणि चांगल्या बसलेल्या सांध्याशेजारचं हाड पोखरलं जातं. जुन्या प्रकारच्या खुब्याच्या वाटीची झीज वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या वर गेली की ही भीती वाढते. १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून आलेल्या, किरणोत्सर्गाने रेणू एकमेकांत बांधलेल्या पॉलिएथिलिनची झीज बरीच कमी आहे.

पंधरा वर्षं ही काही कमी नाहीत, पण शेवटही नव्हे: परदेशातल्या मोठ्या नोंदींनुसार सुमारे ८२ टक्के गुडघे आणि ५८ टक्के खुबे २५ वर्षं टिकले.

पंगतीत मांडी घालून बसावं का, हेही याच संदर्भात विचारतात. खोल वाकल्यावर भार पॉलिएथिलिनच्या कडेवर, छोट्याशा जागेत एकवटतो. एखाद्या लग्नात पाच मिनिटं बसल्याने काही होत नाही. रोज चुलीपुढे किंवा भांगलणीला उकिडवं बसण्याने होतं. दुखत नसलं तरी दोन-तीन वर्षांनी एक एक्स-रे काढाच, कारण हाड पोखरलं जात असताना बराच काळ काहीच जाणवत नाही.

१०. हाडात किंवा जबड्यात भरायची भुकटी गाईच्या हाडाची असते म्हणे. आम्ही माळकरी / जैन / लिंगायत आहोत. दुसरं काही मिळतं का?

मिळतं, पण आधी विचारावं लागतं. ऑपरेशन टेबलवर पुडा फोडल्यावर विचारून उपयोग नाही.

दंतवैद्यकात खूप वापरली जाणारी एक भुकटी खरोखरच गाई-बैलांच्या हाडापासून बनते. तापवून आणि रसायनांनी त्यातली प्रथिनं काढून टाकतात, खनिजाची जाळी उरते आणि तिच्यात तुमचं हाड शिरतं. तिच्यावर घालायचा कोलॅजनचा पडदा बऱ्याचदा डुकराच्या कातडीचा असतो. पाकिटावर 'बोव्हाइन' म्हणजे गोवंशाचं, 'पोर्साइन' म्हणजे डुकराचं, 'एक्वाइन' म्हणजे घोड्याचं.

पर्याय असे. तुमचंच हाड, कंबरेच्या किंवा हनुवटीच्या हाडातून काढलेलं: जिवंत पेशींसकट येतं, म्हणून अजूनही सगळ्यांत भरवशाचं, पण काढलेली जागा काही महिने दुखते. मानवी दात्याचं, गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड: मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे. आणि कारखान्यात बनवलेली खनिजं: बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट सहा महिने ते दोन वर्षांत विरघळून त्या जागी हाड येतं, हायड्रॉक्सिअपॅटाइट वर्षानुवर्षं तसंच राहतं, म्हणून दोन्हींचं मिश्रण वापरतात. चौथा प्रकार जैवक्रियाशील काच. लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडात बनवलेल्या मूळ काचेत ४५ टक्के सिलिका होती. ती शरीरद्रवात भिजली की तिच्यावर हाडासारखं खनिज आपोआप धरतं.

लहान, चारी बाजूंनी हाड असलेल्या खड्ड्यात कृत्रिम भुकटी पुरेशी असते. मोठी, उघडी पोकळी असेल तर तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये.

लोकांच्या ध्यानात न येणाऱ्या जागा वेगळ्याच: कॅटगट टाका मेंढी किंवा गाईच्या आतड्याचा, रक्त थांबवायचा जिलेटिन स्पंज बहुधा डुकराचा किंवा गाईचा, रक्त गोठू न देणारं हेपरिन इंजेक्शन डुकराच्या आतड्यातून काढलेलं, रेशमी टाका रेशीमकिड्यांपासून. टाक्यांना कृत्रिम धागे सहज मिळतात. पण तातडीच्या वेळी हेपरिनला नकार देण्याआधी डॉक्टरांशी नीट बोला. तिथे प्रश्न जिवाचा असतो.

११. विरघळणारे स्क्रू असताना धातूचे का बसवतात?

कारण विरघळण्याचा वेग हाड जुळण्याच्या वेगाशी जमवणं अवघड आहे. पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा स्क्रू चार-सहा आठवड्यांतच कच्चा होतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचा इतका सावकाश जातो की पूर्ण नाहीसा व्हायला दोन ते पाच वर्षं लागतात. दोन्ही विरघळताना आम्ल सोडतात. शरीराला ते वाहून नेता आलं नाही तर जागा सुजते, कधी फोड येऊन पांढुरका द्रव येतो. पहिल्या प्रकारात हे साधारण तिसऱ्या महिन्यात, दुसऱ्यात काही वर्षांनी. हा पू असेलच असं नाही, पण तपासून घेतल्याशिवाय 'विरघळतंय' म्हणून सोडून देऊ नका.

मॅग्नेशियमचे स्क्रूही आहेत. विरघळताना हायड्रोजन वायू सुटतो आणि एक्स-रेत हाडाशेजारी काळा डाग दिसतो. नवखा माणूस त्याला जंतुसंसर्ग समजून घाबरतो. गुडघ्यातला लिगामेंट, लहान मुलांची कवटी, घोट्याचा छोटा तुकडा अशा ठिकाणी विरघळणारं साहित्य शोभतं. मांडीच्या हाडाला अजून नाही.

१२. प्लेटला पू झालाय. महिनाभर गोळ्या-इंजेक्शनं चालू आहेत, थांबतं आणि परत येतं. औषध बदलू का?

औषध बदलून सहसा भागत नाही. रोपण बसलं त्या क्षणापासून त्याच्या पृष्ठभागासाठी शर्यत सुरू होते: आधी आपल्या पेशी पोहोचल्या तर त्या जागा व्यापतात, आधी जंतू पोहोचले तर ते. परकी वस्तू आत असली की अगदी थोडे जंतूही पुरतात. १९५७ मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात माणसाच्या कातडीत साधा रेशमी टाका ठेवल्यावर फोड यायला लागणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंची संख्या हजारो पटींनी घटली.

चिकटलेले जंतू स्वतःभोवती चिकट पापुद्रा तयार करतात, त्याला बायोफिल्म म्हणतात. आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि बहुतेक प्रतिजैविकं वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. मोकळ्या जंतूला पुरणारी मात्रा इथे शेकडो पटींनी वाढवली तरी अपुरी पडते. गोळ्यांनी बाहेर पडलेले जंतू मरतात, ताप उतरतो, गोळी थांबली की पापुद्र्यातून नवे सुटतात. तुम्हाला दिसणारं 'थांबतं आणि परत येतं' ते हेच.

लक्षणं सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या आत गाठलं आणि वस्तू घट्ट असली, तर जागा उघडून, खरवडून, धुऊन, सांध्यात प्लास्टिकचा भाग बदलून, मूळ वस्तू वाचवता येते. उशीर झाला तर ती काढावीच लागते. मोडलेल्या हाडात एक अपवाद आहे: हाड जुळेपर्यंत प्लेट घट्ट असेल तर पू दाबून ठेवून ती राहू देतात आणि जुळल्यावर काढतात. हलणाऱ्या हाडात पू आटोक्यात येत नाही, म्हणून हा उलटा वाटणारा निर्णय बरोबर असतो.

पू तपासायला द्यायचा असेल तर त्याआधी दोन आठवडे प्रतिजैविक बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्या चालू असताना जंतू वाढवून पाहिले तर बऱ्याचदा काहीच उगवत नाही. वरवरच्या छिद्रातला पू कापसाने टिपून पाठवणंही फसवं. आतल्या ऊतीचे पाच-सहा तुकडे हवेत.

१३. खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येते. मला स्टीलची प्लेट चालेल?

ती खाज बहुधा निकेलची. रोपणाच्या ३१६ एल स्टीलमध्ये १३ ते १५ टक्के निकेल असतं, पण ऑक्साइडच्या थरामुळे फार थोडं बाहेर येतं, आणि कातडीला खाज येणाऱ्या बहुतेकांना आतल्या प्लेटने काही होत नाही. तरी आधी सांगा. टायटॅनियम हा सोपा पर्याय आहे. निटिनॉल नावाच्या लवचिक धातूत वजनाने निम्म्याहून अधिक निकेल असतं, तिथे मात्र आवर्जून विचारा.

धातूवर धातू घासणारे खुबे हा वेगळा विषय आहे. त्यातून कोबाल्ट-क्रोमचे अतिसूक्ष्म कण सुटून आसपासचे स्नायू मरण्यापर्यंत मजल गेली आणि २०१० मध्ये असे सांधे जगभरातून परत मागवले गेले. २०००च्या दशकात खुबा बदलला असेल तर प्रकार कोणता होता ते कागदावर पाहा.

१४. हाड जुळलं. आता प्लेट काढायची का?

मोठ्या माणसात त्रास नसेल तर बहुधा नाही. लहान मुलांत काढतात, कारण वाढत्या हाडाच्या आत ती गाडली जाते आणि पुढे काढणं कठीण होतं. त्रास असेल तर मांडीच्या हाडातून दीड ते दोन वर्षांआधी काढू नये. काढल्यावर स्क्रूंची भोकं लगेच भरत नाहीत, आणि हाड पुन्हा मोडलं तर तिथूनच मोडतं. निदान सहा ते बारा आठवडे उसाची मोळी उचलणं, फुटबॉल, मोटरसायकलवरून खड्ड्यांचा रस्ता टाळा.

प्लेट काढताना स्क्रूच्या डोक्याभोवतीची ऊती करडी-काळी दिसते. नातेवाइकांना दाखवलं की ते 'सडलं' म्हणून घाबरतात. स्क्रू आणि प्लेट एकमेकांना बारीक घासून सुटलेले धातूचे कण असतात ते; वास नाही, पू नाही, तर काळजी नाही.

१५. खानापूरच्या पावसात रॉड दुखतो. धातू गार पडतो का?

शरीर आतून ३७ अंशांवर असतं, खोल मांडीतला रॉड गार पडत नाही. नडगी, घोटा, गळपट्टीचं हाड इथे मात्र प्लेटवर जेमतेम कातडी असते आणि धातू उष्णता लवकर वाहून नेतो, तिथे गारठा खरोखर जाणवू शकतो. गरम कपडा पुरे. दुखणं दर पावसाळ्याला वाढत चाललं असेल तर हवामानावर ढकलू नका, एक्स-रे काढा.

१६. हाडातल्या वस्तूला गोळ्या नाहीत, मग हृदयातल्या झडपेला आणि स्टेंटला रक्त पातळ करायच्या गोळ्या का?

कारण तिथे पृष्ठभाग वाहत्या रक्तात असतो, आणि प्रश्न १ मधला प्रथिनांचा थर प्लेटलेट पेशींना थेट बोलावणं देतो. स्टेंटच्या तारांवर काही महिन्यांत आपल्याच पेशींचं अस्तर चढतं, म्हणून दोन गोळ्या ठरावीक काळ (बहुधा सहा ते बारा महिने) आणि मग एक. औषध लावलेल्या स्टेंटवर अस्तर मुद्दाम सावकाश चढू दिलेलं असतं. दात काढायचाय म्हणून मधेच गोळ्या बंद केल्या तर स्टेंट बंद पडू शकतो. कार्डिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका.

यांत्रिक झडपेवर असं पूर्ण अस्तर कधीच चढत नाही, म्हणून जन्मभर गोळी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली आणि १९९० मध्ये पहिल्यांदा बसवलेली भारतीय झडपही याला अपवाद नाही. रक्ताची आयएनआर चाचणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी) डॉक्टरांनी आखलेल्या पट्ट्यात ठेवायची. मायट्रल झडपेला तो साधारण २.५ ते ३.५ असतो. मेथी, पालक, शेपू बंद करू नका, प्रमाण रोज सारखं ठेवा. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला जन्मभर गोळी लागत नाही, पण ती दहा-पंधरा वर्षांत चुन्याने कडक होते, आणि तरुणांत लवकर.

१७. स्टेम सेलचं इंजेक्शन घेतलं तर गुडघा बदलावाच लागणार नाही, असं सांगतात. खरं आहे का?

नाही. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी केलेलं रक्तमूलपेशी प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळं संशोधनातच मोडतं. संशोधन असेल तर रुग्णाकडून पैसे घेत नाहीत, नैतिक समितीची परवानगी दाखवतात. पैसे मागितले की समजून घ्या. पीआरपी हे स्टेम सेल नाही. ते तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं दाट द्रावण. सुरुवातीच्या झिजेत काहींना दुखणं कमी होतं, पण झिजून गेलेली कूर्चा परत येत नाही.

अडचण साहित्याचीच आहे. पेशी केशवाहिनीपासून १०० ते २०० मायक्रॉनपेक्षा लांब असली तर उपासमारीने मरते. थ्रीडी प्रिंटरने हाडाचा साचा हवा तसा काढता येतो, त्यात ३०० मायक्रॉनच्या आसपासची छिद्रंही ठेवता येतात. पण मोठ्या साच्याच्या मध्यापर्यंत रक्तवाहिन्या पोहोचेपर्यंत आतल्या पेशी जगवायच्या कशा, इथे गाडी अडते. कातडी आणि डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ असतात, म्हणून तिथे हे शास्त्र पुढे गेलं आहे. भाजलेल्या जखमेवर घालायची वाळवलेली गर्भवेष्टणाची पट्टी आज प्रत्यक्ष वापरात आहे.

१८. प्लेट असताना हाडवैद्याकडून चोळून घेतलं तर? कांडवेल खाल्ली तर?

चोळणं नको, कारण प्रश्न ४ मध्ये. गरम लेपाने कातडीला फोड आला तर जंतूंना प्लेटपर्यंत वाट मिळते. कांडवेल हाड भरवशाने जोडते असं म्हणण्याएवढा पुरावा नाही. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि त्यांची औषधं न सोडता.

१९. हाडं ठिसूळ म्हणून वर्षाला एक इंजेक्शन घेते. दाताचा स्क्रू चालेल?

झोलेड्रोनिक आम्लासारखी औषधं हाड खाणाऱ्या पेशींना थांबवतात. मोडलेल्या खुब्याला ती उपकारक, पण जबड्यात जुनं हाड काढून नवं घालण्याचं कामही मंदावतं आणि क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून मरतं. ठिसूळपणाच्या मात्रेत हा धोका थोडा, कर्करोगासाठीच्या मात्रेत बराच. जमलं तर दातांची कामं औषध सुरू करण्याआधी उरका.

२०. एमआरआय चालेल? सांबऱ्याला विमानतळावर अडवतील का?

टायटॅनियम, कोबाल्ट-क्रोम आणि रोपणाचं स्टील चुंबकाला ओढलं जाण्याइतकं चुंबकीय नसतं. आसपासचं चित्र मात्र बिघडतं, टायटॅनियममध्ये कमी, स्टीलमध्ये जास्त. जुने पेसमेकर, मेंदूतल्या जुन्या क्लिपा आणि कानातलं चुंबकाचं रोपण यांची गोष्ट वेगळी, ते आधी सांगाच. विमानतळावर दरवाजा वाजला तर कुठे बसवलंय ते सांगा, हाताने तपासून सोडतात. चिठ्ठी असली तरी तपासणी चुकत नाही.

२१. वडिलांच्या अस्थींत धातूचा तुकडा निघाला. चितेत वितळत नाही का?

नाही. टायटॅनियम १६६८ अंशांना वितळतं, स्टील आणि कोबाल्ट-क्रोम १३०० ते १४०० अंशांच्या आसपास. लाकडाची चिता तिथवर जात नाही. प्लास्टिकचे भाग जळून जातात. पेसमेकर असेल तर मात्र दहनाआधी तो काढायला हॉस्पिटलला सांगा, बॅटरीचा स्फोट होतो. छोटीशी चीर पुरते.

२२. ऑपरेशन मिरजेत झालं, आता बेळगावात दाखवायचंय. कुठले कागद जपायचे?

डिस्चार्ज कार्डपेक्षा मोलाची असते ती चिकटपट्टी. प्रत्येक रोपणाच्या डब्यात चार-सहा स्टिकर असतात. त्यावर कंपनी, माप, साहित्य, बॅच क्रमांक. एक हॉस्पिटलच्या फाइलला लागतं, एक तुम्हाला मिळायला हवं. पुढे स्क्रू काढायचा झाला तर त्याच्या डोक्याला षटकोनी पाना लागतो की ताऱ्याच्या आकाराचा, हे यावरूनच कळतं. पाना जुळला नाही तर अर्ध्या तासाचं काम तीन तासांचं होतं. स्टिकरवरची शाई उडते, म्हणून मोबाइलवर फोटो काढून घरातल्या दोघांकडे ठेवा. ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे टाकू नका. सांधा सैल झालाय का, हे नवा एक्स-रे त्याच्याशेजारी धरूनच ठरतं.

संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असेल आणि वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी मराठीत समजावून मागा, आणि तीन गोष्टी स्वतःच्या वहीत लिहून घ्या: काय बसवणार, कशाचं, आणि प्राण्यापासूनचं काही आहे का. रोपणामुळे त्रास झाल्याचा संशय असेल तर २०१५ पासून देशात वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी मटेरियोव्हिजिलन्स यंत्रणा आहे. तिचा फॉर्म रुग्णालाही भरता येतो, आणि त्यातही बॅच क्रमांक विचारतात.